अठ्ठावीस ठिपके

मसुरीच्या डाळीएवढ्या किड्याला भिऊन ज्यानं शाळेत रजा टाकली, असा आमच्या सोनपेठ तालुक्यात मी एकटाच असेन. मी भित्रा आहे हे गावाला माहीत आहे. समोरून बैल आला की मी जवळच्या ओट्यावर चढतो, आणि तसं दिसू नये म्हणून ओटेवाल्याच्या तब्येतीची चौकशी करतो. पण बैलाची भीती बैल पुढं गेला की संपते. या किड्याची भीती मी पाच आठवडे काडेपेटीत घालून शर्टाच्या खिशात हिंडवली, आणि ती सगळा वेळ आत खुडबुडत होती.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण विज्ञानाच्या शिक्षकाच्या हातून हे घडलंच नसतं. आमच्या गावाला निकिता मॅडम म्हणून कृषी सहायक आहेत. चौदा गावं आणि एक स्कूटी असा त्यांचा कारभार. त्या एक दिवस शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'मित्रकीटक ओळखा' असं चित्र काढून द्या. एकतीस तारखेच्या आत फोटो अपलोड करायचाय." नमुन्यासाठी त्यांनी मोबाइलवर ढालकिड्याचा फोटो पाठवला. ढालकिडा म्हणजे पाठीवर काळे ठिपके असलेला, अर्ध्या वाटाण्यासारखा फुगीर, इवलासा किडा. पिकाचा रस शोषणारा मावा खातो, म्हणून शेतकऱ्याचा मित्र. फोटो मात्र इतका धूसर होता की त्यात किडा आहे हे आधी सांगितलं म्हणूनच कळलं.

कलावंताला एवढं पुरतं. भिंत मोठी होती म्हणून किडा म्हशीएवढा काढला. फोटोत दिसल्या तशा सहा काळ्या खुणा केल्या, आणि रस्ता ओलांडून मारुतीच्या पायरीवरून बघितलं. पाठ अगदी ओकीबोकी दिसत होती. चित्राला तोल लागतो, हे मी बावीस वर्षं पोरांना सांगत आलोय. दोन ठिपके वाढवले. मग त्यांना खाली जोड हवी वाटली. सूर्य मावळेपर्यंत डावीकडे चौदा आणि उजवीकडे चौदा असा देखणा किडा तयार झाला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'हा आपला मित्र. याच्यावर फवारू नका.' आणि कोपऱ्यात झोकदार सही ठोकली. सही करायची काय गरज होती, हे आमची विजयमाला मला अजून विचारते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण बायकोचे नेमके प्रश्न नेहमी काम उरकल्यावरच येतात.

अपलोडच्या फोटोत चित्रासमोर सरपंच उभे राहिले. आमचे सरपंच रुंद आहेत. त्यांच्या डोक्यावरून किड्याच्या मिशा तेवढ्या दिसत होत्या, त्यामुळे ठिपक्यांची चौकशी वर कुणी केली नाही.

चौथ्या दिवशी बायनाबाई दारात आल्या. ओढ्याच्या कडेला त्यांचं अर्धा एकर रान आहे, त्यात वांगी. मुलगा वैजीनाथ आणि सून दिवाळी झाल्याबरोबर ऊसतोडीला गेलेले. नात शिवकन्या आजीपाशी राहून माझ्याच शाळेत दहावीला. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट अशी, की बायनाबाईंची वांगी बाजारात चालली तर पोरगी गावात राहते आणि शाळा होते. वांगी गेली तर पोरीला आईबापाकडं तोडीवर पाठवावं लागतं, आणि तिथं गेलेलं पोरगं परत वर्गात बसलेलं मी क्वचितच बघितलंय.

बायनाबाईंनी मूठ उघडली. आत दोन किडे.

"सर, ह्येच का भिंतीवरचं? वांग्यावर लय झालेत. खतवाला बन्सीधर म्हणला, फवार. पर तुमी तर फवारू नका म्हणून लिवलंय."

बावीस वर्षांत मला गावातल्या कुणी खडू आणि हजेरीपलीकडं काही विचारलं नव्हतं. माझी छाती फुगली. चष्मा आत टेबलावर होता. एवढ्यासाठी कशाला आत जायचं, म्हणून मी तसंच वाकून बघितलं आणि म्हणालो, "मित्रच आहे, मावशी. अजिबात फवारू नका."

"बरं," म्हणून त्या निघून गेल्या. का म्हणून एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. लोक रस्त्यात थांबवून किड्यांबद्दल विचारत आणि मी सांगे. नवव्या दिवशी निकिता मॅडमची स्कूटी भिंतीपाशी थांबली. हेल्मेट न काढता त्या हवेत बोट फिरवून काहीतरी मोजत होत्या. मी कौतुक ऐकायला जवळ गेलो.

"सर, हे किती ठिपके काढलेत?"

"चौदा दुणे अठ्ठावीस," मी अभिमानानं म्हणालो.

मॅडमनी हेल्मेट काढलं. "सर, अठ्ठावीस ठिपक्यांचा तो मित्र नसतो. तो वांग्याचा वैरी. पानं खरवडून नुसती जाळी ठेवतो. मळकट असतो, अंगावर बारीक लव असते. मित्र चकचकीत असतो." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही तेवढं दुरुस्त करा. मी आज इकडं आलेच नव्हते." अपलोड त्यांच्याही नावानं झालं होतं.

स्कूटी गेली आणि मी मारुतीच्या पायरीवर बसलो. समोर माझीच सही. बायनाबाईंच्या मुठीतले किडे चकचकीत होते की मळकट, हे काही केल्या आठवेना. मी ठिपके मोजलेच नव्हते. ज्याच्या एका शब्दावर अर्धा एकर वांगी उभी होती, त्यानं चष्मासुद्धा लावला नव्हता.

त्यात फोन आला. "सर, वैजीनाथ बोलायलोय. आई म्हणली तुमी फवारू नका म्हणलात. संक्रांतीला दोन दिस गावाकडं यायलोय. आलो की भेटतो तुम्हाला."

'भेटतो.' या शब्दाचा मी तीन दिवस अभ्यास केला. 'भेटू' म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. भेटू यात दोघांची मर्जी असते. भेटतो यात एकाचीच. वैजीनाथच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा उसाच्या फडातला फोटो आहे. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात एका घावात तोडलेला ऊस. उसाची जाडी साधारण माझ्या मनगटाएवढी.

आधी किडा ओळखायचा, मग घाबरायचं, असं मी ठरवलं. दुसरा भाग आधीच सुरू झाला होता. बायनाबाईंच्या रानात जाऊन किडे धरले असते तर त्यांना संशय आला असता, म्हणून मी ओढ्याकडच्या बांधावर रानझाडांत शोधायला लागलो. तिथं रुई आहे, धोतरा आहे, काटेरी रिंगणी आहे, आणि गाजरगवत तर आहेच. एक किडा ओळखायला गेलो तर प्रकार निघाले नऊ. रुईच्या पानामागं पिवळा मावा, आणि त्यात लाल, पिवळे, नारिंगी किडे. एक तर काळा, दोन लाल टिकल्यांचा, ज्वारीच्या दाण्याहून लहान. काही बिनपंखांचे, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखे. ते बघून मी तीन पावलं मागं सरकलो आणि रिंगणीत बसलो. रिंगणीत बसलेला माणूस किती वेगानं उठतो हे ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी बघितलं.

"सर, काय हुडकायलात?"

"निसर्गचित्रासाठी पानं," मी शक्य तेवढ्या भारदस्तपणे म्हणालो. दोन्ही हात मागं होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं मला 'किडेवाले सर' म्हणायला लागली.

आता ठिपके मोजायचे. बशीत किडा सोडला, विजयमाला आणि मी दोन बाजूंना बसलो. किडा उभा राहील तर शपथ. विजयमालेला डाळ निवडायची सवय. ती एका नजरेत म्हणाली, "सहा. त्यातले दोन तर नागमोडी आहेत." माझे आठ आले. शेजारचे रामप्रसाद एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सरका. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत माणसं मोजलीत मी." त्यांचे अकरा आले. दुसऱ्यांदा मोजले तर साडेअकरा, कारण एक ठिपका त्यांनी अर्ध्या तिकिटात धरला. मी किड्याला चिमटीत धरायला गेलो तेव्हा त्यानं पायांतून पिवळं पाणी सोडलं. ते बोटाला लागलं आणि विषच असणार असं वाटून मी साबणानं सात वेळा हात धुतला. विजयमाला म्हणाली, "अहो, बोट जागेवर आहे." तरी मी रात्रीपर्यंत ते बोट वेगळं धरून बसलो होतो.

बन्सीधर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच राहतो. त्याचं खत-औषधाचं दुकान आहे. त्याला नुसतं लांबून विचारलं, समजा असा एक किडा असला तर काय करावं. तो म्हणाला, "सर, किडा वळखायची भानगडच कशाला? मेल्यावर समदे सारखेच." हे वाक्य त्या वेळी मला रानटी वाटलं. पुढं भीती वाढली तसतसं ते शहाणपणाचं वाटायला लागलं.

निकिता मॅडमना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, 'सर, फोटोत फक्त तुमचा अंगठा आहे.' मग त्यांनी जिल्ह्याच्या एका ऑफिसचा पत्ता दिला. तिथं किडे ओळखून देतात. ऑफिसचं नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचं आहे. मी रजा टाकली, रुईवरचे तीन किडे काडेपेटीत घातले आणि एसटीत बसलो. बायनाबाईंच्या वांग्यावर दिसतात तसलेच हे, एवढं मी बांधावरून मान लांब करून बघून ठेवलं होतं.

टेबलावर पंडितराव नावाचे बाबू होते.

"काय आहे?"

"किडे."

"जिवंत?"

"हो."

"मग पेटी माझ्याकडं करू नका. अर्ज भरा."

अर्ज भरला. रंग, नग, कुठल्या झाडावर, कुठल्या गावी. शेवटी दोन चौकोन होते, उपयुक्त आणि उपद्रवी. एकावर खूण करायची होती.

"साहेब, उपयुक्त की उपद्रवी तेच तर विचारायला आलोय."

"ते आमचे साहेब सांगतील. पण खूण केल्याशिवाय अर्ज आवक होत नाही."

"मग बाजूला 'माहीत नाही' असं लिहू का?"

पंडितरावांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्ही शिक्षक ना? 'माहीत नाही' असा रकाना कुठल्या अर्जात बघितलाय?"

खरं होतं. मी तर असा माणूससुद्धा फारसा बघितला नव्हता. पुढं ते म्हणाले, "उपयुक्तचे साहेब ट्रेनिंगला गेलेत, आठ दिवस. उपद्रवीचे साहेब जेवायला गेलेत." जेवायला गेलेला माणूस लवकर येतो, या हिशेबानं मी उपद्रवीवर खूण केली. ते काही चारपर्यंत आले नाहीत. पंडितरावांनी काडेपेटी कपाटावर ठेवली आणि शिक्का मारून पोच दिली: 'उपद्रवी कीटक, जिवंत, नग तीन, प्राप्त.'

परतीच्या गाडीत मी ती पोच वाचत बसलो. खूण आपणच केली आहे, हे पाथरीपर्यंत माझ्या लक्षात होतं. पाथरीला गाडी वीस मिनिटं थांबली. तेवढ्यात शिक्क्याकडं बघून बघून माझी खात्री पटत गेली. शिक्का गोल होता, निळा होता, तारखेसकट होता. एवढा चांगला शिक्का खोट्यावर कशाला बसेल? सोनपेठला उतरलो तेव्हा वांग्यावर वैरी बसलाय याबद्दल तिळमात्र शंका उरली नव्हती. डोळ्यांपुढं जाळी झालेली पानं दिसायला लागली. दप्तर ठेवून तोडीच्या ट्रकमध्ये चढणारी शिवकन्या दिसली. तिच्यामागं कोयता दिसला.

बायनाबाईंना खरं सांगणं हा सरळ रस्ता होता. पण 'मावशी, मी चुकलो' हे तीन शब्द घेऊन मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा शिवकन्येच्या अभ्यासाची चौकशी करून परत आलो. मग ठरवलं, चूक गुपचूप निस्तरायची. बाजारच्या दिवशी बायनाबाई सोनपेठला जातात. तेवढ्यात फवारून मोकळं व्हायचं.

बन्सीधरकडं पंप आणि औषध मागितलं.

"कशाला पायजे?"

"घरात डास झालेत."

"वीस लिटरचा पंप? डासायला?"

"मोठे आहेत," मी म्हणालो.

भर दुपारी मी रानात शिरलो. अंगात रेनकोट, तोंडाला विजयमालेचा स्कार्फ, डोळ्याला मोटरसायकलचा गॉगल, पाठीवर वीस लिटर. दोन कुत्री ओढ्यापर्यंत मागं आली. पंपाची नळी गळत होती आणि पाठीवरून काहीतरी गार ओघळत होतं. तो घाम आहे की औषध, याचा विचार करून मला आणखी घाम येत होता. पहिला फवारा उलटा माझ्याच छातीवर बसला. गॉगलच्या आत वाफ धरलेली. तेवढ्यात बांधावर बाभळीखाली कुणीतरी उभं दिसलं. नीट बघितलं तर हलत नव्हतं. विटकं लुगडं गुंडाळलेलं बुजगावणं असावं. तरी मी घाबरून सवयीनं त्याला नमस्कार केला आणि पुढच्या सरीला लागलो. तासाभरात सगळं रान फवारून झालं. पानांवरून किडे टपटप पडत होते. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

घरी येऊन आंघोळ करताना नवीन भीती उभी राहिली. फवारलेली वांगी बाजारात गेली आणि कुणाला काही झालं तर? सकाळी बायनाबाईंच्या दारात हजर झालो. म्हणालो, घरी पाहुणे यायचेत, सगळी वांगी मलाच द्या.

बायनाबाईंनी माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. "आठ दिस थांबा की सर."

"नाही नाही, आजच हवीत. उद्याचीही."

सलग तीन दिवस मी पोत्यानं वांगी घरी आणली आणि परसात खड्डा खणून पुरली. विजयमाला दारात उभी राहून बघत होती. "अहो, वांग्यांना समाधी कसली देताय?" मी माती ओढत राहिलो. रामप्रसादनी भिंतीवरून डोकावून सांगितलं की खताला वांगी चांगली, पण आधी खायची असतात.

चौथ्या दिवशी, ऐन तासाला, फोन वाजला. जिल्ह्याचे साहेब.

"सर, तुमच्या अर्जावर उपद्रवी अशी खूण कुणी केली?"

"मी," मी म्हणालो.

"अहो, हे तर ढालकिडे. सहा खुणांचे, त्यातल्या दोन नागमोडी. अस्सल मित्र. ते काटेरी मगरीसारखं दिसतं ना, ती यांचीच पिल्लं, तीही मावाच खातात. कुठं सापडले?"

"रुईवर. आणि वांग्यावर."

"वा! नशीबवान शेतकरी आहे. बघा हं, कुणी घाबरून फवारणार नाही एवढी काळजी घ्या."

मी "हो" म्हणालो आणि खुर्चीत बसलो. विजयमालेचे सहा बरोबर होते. बायनाबाईंच्या मुठीतले किडे मित्रच होते. चष्मा न लावता दिलेलं माझं उत्तर बरोबर होतं, आणि विचारपूस करून, अर्ज भरून, शिक्का घेऊन केलेलं काम चूक होतं. भिंतीवर वैरी काढून मी त्याला मित्र म्हणालो, आणि रानात मित्र होता त्याला वैरी समजून मारला. दोन्ही बाजूंनी तोल मात्र साधला होता.

आठवड्यात व्हायचं ते झालं. राखणदारच मेल्यावर मावा मोकाट सुटला. वांग्याची पानं वळली, चिकट झाली, बुंध्यावर मुंग्यांची रांग लागली. शाळेत शिवकन्येच्या वहीच्या मागच्या पानावर 'शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज' असा मजकूर कच्चा लिहिलेला दिसला. ती मराठीच्या पेपरची तयारी होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी वर्गाबाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. बांधावरच्या रुईवरही माझा फवारा गेला होता; किडे उरले होते ते एकाच जागी, देवळामागच्या रुईवर. आणि शनिवार उजाडला. शनिवारी आमच्याकडं मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. देवळामागची रुई सकाळी सातपर्यंत निम्मी बोडकी होते. मी सहालाच डबा घेऊन पोचलो. लोक पान तोडायला हात घालत, मी आधी ते पान डब्यात झटकत असे. गाभाऱ्यात घातलेल्या माळासुद्धा मी वाकून वाकून झटकल्या. मारुतीच्या खांद्यावरून दोन किडे उचलले आणि मनात क्षमा मागितली. देवाची भीती एरवीही वाटतेच, त्या दिवशी ती रांगेत मागं उभी होती.

"सर, काय नवस हाय का?" कुणीतरी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पुढच्या शनिवारी चार माणसं माळा झटकताना दिसली. पान झटकून वाहिलं तर फळ लवकर मिळतं, असं गावात पसरलं होतं.

डबा घेऊन मी थेट रानात गेलो. झाकण उघडून एकेक किडा वांग्याच्या पानावर सोडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "परत आणून सोडायलात व्हय?"

बायनाबाई खुरपं घेऊन उभ्या होत्या. मी गडबडीनं उठलो. पण आता शिवकन्येच्या अभ्यासाची चौकशी करण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती.

"मावशी, त्या बाजारच्या दिवशी तुमच्या रानात मी फवारलं. चोरून."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? गुडगा दुखायला म्हणून वांगी शेजारणीसंगं धाडली. मी हितंच बाभळीखाली उभी व्हते. तुमी नमस्कार बी केलात की मला."

माझ्या हातातला डबा तिरका झाला. "मग मला थांबवलं का नाही?" आवाज चढला. चूक माझी होती आणि राग त्यांच्यावर येत होता.

बायनाबाईंना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "तुमी मला फवारू नका म्हणलात, तवा मी का म्हणून इचारलं का? न्हाई इचारलं. शिकलेला माणूस, वळखून सांगत असंल. मग तुमीच पंप घिऊन आलात. म्हणलं, आता फवारायची येळ झाली असंल. शिकलेला माणूस उगं कशाला येवढं वझं पाठीवर घील?" मग म्हणाल्या, "वांगी मागाय आलात तवा आठ दिस थांबा म्हणले. तुमी ऐकनात. म्हणलं, तुमच्यात फवारलेली चालत असतील."

पाच आठवडे मी कोयत्याला भ्यालो होतो, शिक्क्याला भ्यालो होतो, बोटाला लागलेल्या पिवळ्या पाण्याला भ्यालो होतो. पण खरी भीती मला तिथं, त्या सरीत उभं राहून वाटली. या बाईनं नातीची शाळा माझ्या दोन शब्दांवर ठेवली होती. आणि ते शब्द मी आत जायचा कंटाळा करून बोललो होतो. मला फार लाज वाटली. मी तसं म्हणालोही. बायनाबाई म्हणाल्या, "डबा सांडायलाय, सर. नीट धरा."

किडे टिकले. तीन सरी गेल्या, बाकीच्या रानानं पुढं महिन्याभरात पुन्हा पालवी धरली. संक्रांतीला वैजीनाथ खरंच आला आणि कोयता घेऊनच आला. मी ओट्यावर होतो, आणखी वर चढायला जागा नव्हती. त्यानं खांद्यावरची उसाची मोळी टाकली, खचाखचा कांड्या केल्या आणि विजयमालेच्या हातात दिल्या. "आईनं समदं सांगितलं," तो म्हणाला. मी डोळे मिटले. "पोरगीची दहावी हुस्तोर जरा ध्यान ठिवा, सर. तेवढंच सांगायला भेटायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून भिंतीवरचे ठिपके बुजवायला घेतले. सहा ठेवायचे, बावीस घालवायचे. लोक खाली उभे राहून सल्ला देत होते. सोळावा ठिपका चालू असताना बायनाबाई आल्या आणि त्यांनी शिडीखाली मूठ वर केली.

"सर, आता ह्यो कोण?"

मी खाली उतरलो. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. वांग्याच्या पानाचा तुकडा होता आणि त्यावर एक किडा. तांबूस, जरा मळकट वाटत होता. पण सकाळच्या धुळीनं सगळंच मळकट दिसतं. ठिपके बरेच होते. मोजायला लागलो तर तो फिरायला लागला. सगळे माझ्याकडं बघत होते, रामप्रसाद, बन्सीधर, देवळात आलेले दोघे. बावीस वर्षांत वर्गात न बोललेलं वाक्य मी कसंबसं बाहेर काढलं.

"मला माहीत नाही, मावशी. विचारून सांगतो."

कुणी हसलं नाही. बायनाबाईंनी क्षणभर माझ्या चष्म्याकडं बघितलं, मूठ अलगद मिटली आणि मारुतीच्या पायरीवर बैठक मारली.

"मग इचारा. मी बसते हितं मूठ धरून," त्या म्हणाल्या. "पर लवकर इचारा, सर. ह्यो पान खायलाय."